वुडकट चित्रांचा जुना ग्रंथ कसा तपासावा आणि कसा नोंदवावा

पंधराव्या-सोळाव्या शतकातला सचित्र ग्रंथ टेबलावर आला की हात आधी चित्रांकडे धावतो. तो जरा आवरायला हवा. या काळातले वुडकट चित्र म्हणजे पुस्तकात मागाहून घातलेले वेगळे पान नव्हे. कोरलेला लाकडी ठोकळा आणि शिशाचे खिळे, म्हणजे मजकुराची सुटी अक्षरे, एकाच उंचीचे असत. ते एकाच चौकटीत आवळले जात, त्यांना एकदमच शाई लागे आणि एकाच दाबात कागदावर उमटत. त्यामुळे चित्र मूळचे की मागून बसवलेले, पहिल्या छपाईचे की दहाव्या, रंग तेव्हाचा की परवाचा, यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे चित्राच्या समोरच्या बाजूला सापडत नाहीत. ती पानाच्या पाठीवर, कागदात आणि फर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुडग्याच्या, घडीत सापडतात. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

टेबल आणि हात

दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी एलईडी विजेरी, मिलिमीटरची पारदर्शक पट्टी, कागदामागे सरकवता येईल असा पातळ थंड प्रकाशाचा पत्रा, मऊ शिशाची पेन्सिल, स्पंजच्या उतरत्या उशा आणि पाने धरून ठेवणारी वजनाची दोरी, एवढे साहित्य पुरते. शाईचे पेन खोलीतच येऊ देऊ नका.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. मलम किंवा सॅनिटायझर लावलेला हात चालत नाही. सुती हातमोजे घालू नका. बोटांना कागदाची जाडी कळेनाशी होते, धागे पानाच्या फाटक्या कडेत अडकतात आणि चीर वाढते. बुरशी दिसली तर नायट्राइलचे मोजे आणि मास्क लावा.

कपाटातून ग्रंथ काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नये. जुन्या बांधणीत सर्वांत आधी तुटते ते हेच टोक. शेजारचे दोन ग्रंथ थोडे आत ढकला आणि हवा तो मधोमध धरून बाहेर घ्या. बांधणी आवळलेली असेल तर ९० अंशांपुढे उघडू नका. पान सपाट होत नाही म्हणून तळव्याने दाबणे हा शिलाईवर थेट घाव आहे.

ठसा लाकडाचाच आहे का?

वुडकटमध्ये रेषा उंच राहते आणि आजूबाजूचे लाकूड कोरून काढलेले असते. शाई उंच भागावर बसते आणि दाबाने किंचित बाहेर रेटली जाते. म्हणून भिंगाखाली रेषेच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा गडद दिसतात. पान उलटा आणि विजेरी जवळजवळ आडवी धरा. पाठीवर रेषांचे हलके उठाव दिसतील. शेजारच्या मजकुराचाही तसाच उठाव असेल तर चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापले गेले. मात्र पाने धुऊन दाबणीत घातलेल्या प्रतीत हा उठाव नाहीसा झालेला असतो. तेवढ्यावरून चित्र खोटे ठरवू नका.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र याच्या उलट असते. शाई खाचेत भरलेली असते, रेषेची टोके निमुळती होतात, शाईचा थर बोटाला किंचित उंच लागतो आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो. एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी तांब्यावर सहज काढता येते. लाकडात त्याच जाळीतला प्रत्येक पांढरा चौकोन स्वतंत्रपणे कोरून काढावा लागतो. म्हणून सुरुवातीच्या वुडकटमध्ये अशी जाळी क्वचितच आढळते आणि छाया समांतर रेषांनी दाखवलेली असते.

काही जुनी उठावाची चित्रे लाकडावर नव्हे, धातूवर कोरलेली असतात. ती ओळखायला चौकटीची रेषा पाहा. लाकूड तुटते, धातू वाकतो. चौकटीत स्वच्छ खंड असेल तर ठोकळा लाकडाचा. रेषा सलग असून एखाद्या जागी लचकल्यासारखी वळलेली असेल तर पत्र्याचा संशय घ्या. कोपऱ्यांत खिळ्यांच्या डोक्यांचे गोल ठसे दिसले तर तो संशय पक्का होतो.

आधुनिक नक्कल ओळखणे सोपे असते. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली की छायाचित्रावरून केलेली छपाई. दगडी छापाची नक्कल जास्त फसवी, कारण तिच्यात ठिपके नसतात. पण तिच्यात रेषेची कडा गडद होत नाही आणि पाठीवर उठावही नसतो.

मजकूर आणि चित्र दोन्ही एकाच ठोकळ्यात कोरलेले ग्रंथ हा वेगळा वर्ग आहे. चीनमध्ये ही पद्धत युरोपच्या कितीतरी आधी होती. ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या वज्रच्छेदिका सूत्राच्या गुंडाळीवर इसवी सन ८६८ चा उल्लेख आहे आणि तिच्या आरंभी कोरीव चित्रही आहे. युरोपातले असे ग्रंथ पंधराव्या शतकाच्या मध्यानंतरचे. त्यांतले बरेचसे पातळ तपकिरी शाईत, कागद पाठीमागून घासून, एकाच बाजूला छापलेले आहेत. खात्री करायला एकाच पानावरची एकच अक्षरखूण दहा ठिकाणी ताडून पाहा. खिळ्यांनी छापलेली असेल तर ठेवण पुन्हापुन्हा तीच येते. हाताने कोरलेली असेल तर दहाही जागी थोडा फरक पडतो.

आवृत्ती ठरवणे

या काळातल्या अनेक ग्रंथांना शीर्षकपान नाही. थेट शेवटी जा आणि पुष्पिका, म्हणजे ग्रंथाच्या अखेरची नोंद, शोधा. छापणारा, गाव आणि तारीख तिथे मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. बामबर्गच्या आल्ब्रेख्त फिस्टरने छापलेला 'डेर एडेलश्टाइन' १४ फेब्रुवारी १४६१ या तारखेमुळे खिळ्यांनी छापलेला, तारीख असलेला पहिला सचित्र ग्रंथ ठरतो. ती तारीख ग्रंथातच छापलेली आहे. पुष्पिकेत पुष्कळदा संतांच्या सणावरून दिवस सांगितलेला असतो. तो नीट सोडवून मगच तारीख लिहा.

पुष्पिका नसेल तर मोजमाप घ्या: एका स्तंभातल्या ओळी, छापील मजकुराची उंची व रुंदी, आणि २० ओळींची उंची. ही शेवटची मोजताना पहिल्या ओळीच्या तळापासून एकविसाव्या ओळीच्या तळापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजतात. ती आणि अक्षराचे वळण मिळून छापखान्याचा माग लागतो. दुसऱ्या पानाच्या पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा उतरवा. पहिले पान हरवण्याचा संभव जास्त असल्यामुळे जुळवणीला दुसरे पान जास्त भरवशाचे. १५०० अखेरपर्यंतच्या छापील ग्रंथांसाठी ब्रिटिश लायब्ररीचा 'इन्क्युनाबुला शॉर्ट टायटल कॅटलॉग' आणि जर्मन 'गेझाम्टकाटालोग देर वीगेनड्रुके' पाहा आणि त्यांतले क्रमांक नोंदीत घ्या.

चित्रे सारखी दिसतात म्हणून आवृत्ती तीच समजू नका. न्युरेंबर्गच्या आंटोन कोबेर्गरने हार्टमान शेडेलचा जगाचा इतिहास १४९३ मध्ये छापला, लॅटिन जुलैमध्ये आणि जर्मन डिसेंबरमध्ये. आउग्सबुर्गच्या योहान शोनश्पेर्गरने त्याची लहान आकाराची नक्कल १४९६ पासून काढली, त्यासाठी नवे ठोकळे कोरून. छापील चित्र पाहून ते तसेच्या तसे नव्या ठोकळ्यावर उतरवले तर छापल्यावर ते उलटे येते. उजव्या हातातली तलवार डाव्या हातात गेलेली दिसली की नक्कल तपासायला लागा.

फर्मे मोजणे

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पान म्हणजे कागदाचा एक तुकडा आणि त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन पृष्ठे. हा फरक नोंदीत कुठेही ढिला पडू देऊ नका.

फर्म्यांचा क्रम दाखवणाऱ्या, पानाच्या तळाशी छापलेल्या खुणा लॅटिन वर्णमालेच्या २३ अक्षरांनी चालतात. आय आणि जे एकच, यू आणि व्ही एकच, डब्ल्यू नाही. 'जे'चा फर्मा सापडत नाही म्हणून पाने गहाळ आहेत असे लिहिणारे कमी नाहीत. एकदा दुमडलेल्या कागदाच्या, आठ पानांच्या फर्म्यात चार तावांच्या घड्या एकमेकींत बसवलेल्या असतात. खूण बहुधा पहिल्या चार पानांवरच असते. पहिले पान आठव्याशी, दुसरे सातव्याशी, तिसरे सहाव्याशी आणि चौथे पाचव्याशी जोडलेले असते.

आता जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच चाळणीवरच्या तारेने त्यात उमटलेली खूण. मागे थंड प्रकाशाचा पत्रा धरला की चाळणीच्या तारांचे ठसे दिसतात. बारीक रेषा दाट असतात आणि त्यांना काटकोनात काही सेंटिमीटर अंतरावर ठळक रेषा येतात. एकदा दुमडलेल्या तावात ठळक रेषा उभ्या येतात आणि जलचिन्ह दोनपैकी एका पानाच्या मध्यावर पडते. दोनदा दुमडलेल्या तावात त्या आडव्या होतात आणि जलचिन्ह कण्याच्या घडीत जाते. तीनदा दुमडलेल्यात रेषा पुन्हा उभ्या आणि जलचिन्ह वर, कण्याच्या कोपऱ्यात.

यावरून एक कसोटी मिळते. एकदा दुमडलेल्या तावाच्या जोडीत जलचिन्ह एकाच पानावर असायला हवे. समजा, सी फर्म्याच्या तिसऱ्या पानावर बैलाच्या डोक्याचे जलचिन्ह आहे आणि सहाव्यावरही आहे. ही दोन पाने एका तावाची असूच शकत नाहीत. त्यांतले एक बाहेरून आले आहे. आता घडीत पाहा. सहाव्या पानाच्या मुळाशी तीन-चार मिलिमीटरची पट्टी आणि तिच्यावर खळीची चमक दिसेल. मूळ पान कापले गेले आणि दुसऱ्या प्रतीतले पान त्या पट्टीला चिकटवले गेले. चित्राने पूर्ण पान भरले असेल तर शाईमुळे जलचिन्ह झाकले जाते. अशा वेळी समासातल्या ठळक रेषांची अंतरे मोजून जोडीदार पानाशी ताडा.

बाहेरचे पान पकडण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. किडीचे छिद्र पानोपानी सलग जाते. शंभर पानांतून गेलेल्या छिद्राला मधल्या एकाच पानावर जागा नसेल तर ते पान त्या प्रवासात नव्हते. पाण्याच्या डागाची कडही आधीच्या आणि नंतरच्या पानांशी जुळली पाहिजे.

कोरी पानेही मोजा. शेडेलच्या लॅटिन आवृत्तीत २५९ ते २६१ ही पाने वाचकाने पुढच्या घडामोडी लिहाव्यात म्हणून कोरी सोडलेली आहेत. बांधणाऱ्याने ती निरुपयोगी समजून काढली असतील तर प्रत अपुरी आहे, चित्र एकही गेलेले नसले तरी.

समासही मोजा. प्रत्येक नव्या बांधणीत कडा छाटल्या जातात. चौकटीची बाहेरची रेषा किंवा फर्म्याची खूण कापली गेली असेल तर पाननिहाय लिहा.

चित्रांची मोजणी

छापलेली चित्रे आणि ठोकळे यांची संख्या वेगळी असते. शेडेलच्या ग्रंथात १,८०९ चित्रे आहेत आणि ती ६४५ ठोकळ्यांतून आली आहेत. एकाच शहराचे चित्र वेगवेगळ्या शहरांच्या नावाखाली येते, एकच चेहरा अनेक राजांचा होतो. नोंदीत दोन्ही आकडे द्या. नाहीतर चित्रातल्या शहराला खरे शहर समजून कोणीतरी त्यावर प्रबंध लिहील.

एक तक्ता करा: पान क्रमांक, पुढची की मागची बाजू, चौकटीसह रुंदी व उंची मिलिमीटरमध्ये, आधी कुठे आले, आणि ठोकळ्याची अवस्था. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. ठोकळा वापरात झिजतो, कोपरा उडतो, चौकटीत खंड पडतो आणि एकदा पडलेला खंड सहसा भरत नाही. त्यामुळे एकाच ठोकळ्याचे दोन ठसे समोर असले की कमी खंड असलेला आधीचा, आणि तारीख नसलेल्या आवृत्तीचा क्रम यावरून लावता येतो. लाकडाला लागलेली कीडही छापून येते. काळ्या रेषेत गोल पांढरा ठिपका दिसला तर पान उजेडासमोर धरा. उजेड आरपार आला तर भोक कागदाचे, नाही आला तर ठोकळ्याचे.

कधी एक चित्र दोन-तीन ठोकळे शेजारी ठेवून जुळवलेले असते. स्ट्रासबुर्गच्या योहान ग्र्युनिंगरने रोमन नाटककार टेरेन्सच्या नाटकांच्या १४९६ च्या आवृत्तीत माणसे, घरे आणि झाडे वेगळ्या ठोकळ्यांवर ठेवून हवी तशी जुळवली आहेत. ठोकळ्यांमधली बारीक उभी फट शोधा आणि प्रत्येक भाग वेगळा मोजा.

चित्रकाराचे नाव देताना सांभाळा. रेखाटणारा, रेखाटन ठोकळ्यावर उतरवणारा आणि कोरणारा ही तीन माणसे असू शकतात. लेओनहार्ट फुक्सच्या १५४२ च्या वनस्पतिग्रंथात या तिघांची चित्रेच नावांसह छापली आहेत. इतका मान कोरणाऱ्याला क्वचितच मिळाला. जिथे नाव मिळते तिथे नोंदीत ते आवर्जून घ्यावे.

रंग

छापलेला रंग, साच्यातून (स्टेन्सिलमधून) लावलेला रंग आणि कुंचल्याने भरलेला रंग वेगळे ओळखा. साच्याच्या रंगाची कड ठाम असते आणि बाहेरच्या रेषेशी न जुळता सगळीकडे एकाच दिशेला सरकलेली दिसते. कुंचल्याचा रंग कोपऱ्यात साचतो. छापलेल्या रंगाला दाबाचा उठाव असतो.

रंग मागून भरला असेल तर तो डागांवर, भेगांत आणि दुरुस्तीच्या कागदावरही गेलेला दिसतो. धुतलेल्या कागदातली सरस निघून गेलेली असते, त्यामुळे तिथे नवा रंग रेषेबाहेर फुटतो. जुन्या रंगाची सावली समोरच्या पानावर बहुधा उमटलेली असते. ती नसणे हा एकटा पुरावा मात्र धरू नका. रंग नसणे हा दोषही नव्हे. पुष्कळ ग्रंथ बिनरंगीच विकले जात.

हिरव्या रंगाकडे विशेष लक्ष द्या. तांब्याच्या गंजापासून केलेला हिरवा कागद खातो. पाठीवर त्याच आकाराचा तपकिरी डाग येतो, मग कागद ठिसूळ होतो आणि शेवटी रंगाच्या कडेने तुकडा सुटतो. अशा पानाखाली आधाराला कागद सरकवून मगच ते उलटा. ओल्या कापसाने रंग पक्का आहे का ते तपासण्याचा प्रयोग करू नका. तो एकदाच करता येतो.

घडीची आणि फिरती चित्रे

ब्रायडेनबाखच्या १४८६ च्या यात्रावर्णनातले व्हेनिसचे दृश्य उलगडल्यावर दीड मीटरहून लांब होते. अशी घडी उघडण्याआधी टेबलावर तेवढी जागा मोकळी करा आणि घड्यांचा क्रम लिहून ठेवा. पुन्हा घालताना एकही घडी उलटी पडली तर जुन्या खाचेत चीर जाते. पेटर आपियानच्या ग्रंथांत कागदी चकत्या दोऱ्यावर फिरतात. त्या फिरवून दाखवायच्या नसतात. किती चकत्या आहेत, कोणती सुटी आहे आणि दोरा मूळचा दिसतो का, एवढे नोंदवा आणि आहेत त्या स्थितीत छायाचित्र घ्या.

ठेवणे आणि छायाचित्रे

चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि बाजारातला गोंद यांना या ग्रंथांजवळ जागा नाही. चिकटपट्टीचा चिकट थर काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि चित्राची शाई पारदर्शक डागात अडकते. फाटलेले पान जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरून संवर्धकानेच जोडावे. तोवर सुटा तुकडा आम्लरहित पाकिटात, पान क्रमांक लिहून, ग्रंथाच्या पेटीतच ठेवा.

तापमान १६ ते २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४० ते ५५ टक्के ठेवा. आकड्यापेक्षा तो स्थिर राहणे महत्त्वाचे. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, या चढउताराने बांधणीच्या लाकडी फळ्या वाकतात आणि चामड्याचा सांधा फाटतो. प्रदर्शनात ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश नको आणि एकच पान महिनोन्‌महिने उघडे नको. मोठे ग्रंथ आडवे ठेवा, एकावर एक दोनच.

छायाचित्रण निदान ४०० पीपीआयने (दर इंचाला ४०० पिक्सेल), रंगपट्टी आणि मोजपट्टी चौकटीत ठेवून करा. कोरी पाने, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजू आणि कणा वगळू नका. फायलीचे नाव पान आणि बाजू यांवरून द्या, चालू क्रमांकावरून नको. प्रत्येक पूर्णपान चित्राच्या पाठीचा आडव्या प्रकाशातला एक फोटो जास्तीचा घ्या.

नोंद

आवृत्तीची माहिती आणि या प्रतीची माहिती वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. प्रतीचा परिच्छेद असा असावा: 'सी फर्म्याचे सहावे पान दुसऱ्या प्रतीतील, पट्टीला चिकटवलेले, जलचिन्ह जोडीशी विसंगत. शेवटचे कोरे पान नाही. १२व्या पानाच्या मागील बाजूचे चित्र वरून छाटलेले, चौकटीची रेषा गेली आहे. हिरवा रंग सात पानांवर आरपार उतरला आहे.' 'स्थिती बरी' या दोन शब्दांनी पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

दाखल क्रमांक शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहा. शिक्का चित्रावर मारू नका, चित्राच्या पाठीवरही नको. शाई कालांतराने पुढे उतरते आणि चेहऱ्यावर गोल डाग येतो.

सुटी चित्रपाने आणि नकाशे सहज विकले जातात, म्हणून चोर ग्रंथ नेत नाही, पान कापतो. ग्रंथ वाचकाला देण्याआधी आणि परत घेताना ग्रॅमपर्यंत वजन करा आणि दोन्ही आकडे वाचकाच्या चिठ्ठीवर लिहा. पण एका पानाचे वजन फार थोडे असते आणि दमट दिवशी सबंध ग्रंथच पाणी शोषून जड होतो. म्हणून वजन जुळले तरी नकाशे, घडीची चित्रे आणि पूर्णपान चित्रे तक्त्यावरून एकेक पाहून, वाचक समोर असतानाच, खूण करा.